मनालाही काम हवे



गेल्या महिन्यात आजारी आणि वयोवृद्ध भाविकांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी गेलो होतो. एका घरी आजोबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. टीव्ही चालू होता, पण त्यांचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. प्रार्थना झाल्यावर मी विचारले, “आजोबा, कसे आहात?” ते म्हणाले, “बरा आहे, फादर. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर. फक्त दिवस जात नाही.” तेवढ्यात सून पाणी घेऊन आली आणि अभिमानाने म्हणाली, “आम्ही ह्यांना काडी उचलू देत नाही, फादर.”

ह्या माणसाने चाळीस वर्षे वाडी केली आहे. केळीचा घड कोणत्या दिवशी उतरवायचा, पानवेलीला पाणी किती सोडायचे, बावखलातला गाळ कधी काढायचा, दादरच्या बाजारात कोणत्या सणाला कोणत्या फुलाला भाव येतो, हा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. त्या डोक्याला आता दिवसभरात एकच निर्णय घ्यायचा असतो, चहा साखरेचा की बिनसाखरेचा. आणि डायबेटिसमुळे तोही डॉक्टरांनीच घेऊन टाकलेला.

सुनेला दोष देण्याचा माझा अजिबात हेतू नाही. ती सासऱ्यांचे प्रेमाने करते. असे करणाऱ्या सुना आणि मुले आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण घरी परतताना “दिवस जात नाही” आणि “काडी उचलू देत नाही” ही दोन वाक्ये माझा पिच्छा सोडीनात. ह्या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असे मला वाटते. आजचा लेख त्या संबंधाविषयी आहे.

“दिवस जात नाही” ही तक्रार नवीन नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो संन्यासी झोपड्यांतून राहत असत. त्यांच्यात इव्हाग्रियस नावाचे एक विद्वान होते. ते ३९९ साली वारले. मनाला ग्रासणाऱ्या दुष्ट विचारांची त्यांनी एक यादी केली. खादाडपणा, राग, गर्व हे सगळे तिच्यात आहे. पण त्यांना सर्वांत जड वाटला तो एक वेगळाच विकार. त्याला त्यांनी ग्रीक भाषेत ‘अकेडिया’ म्हटले. ग्रीकमध्येही ‘अ’ म्हणजे नसणे, आपल्यासारखेच. ‘केडोस’ म्हणजे काळजी, आस्था. तेव्हा अकेडिया म्हणजे सरळ सरळ अनास्था. कशातच मन नसणे.

त्याचे वर्णन त्यांनी असे केले आहे की वाचताना हसू येते. सकाळी दहाच्या सुमारास हा विकार येतो आणि दुपारी दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. संन्यासी खिडकीतून डोकावतो, मग बाहेर येऊन जेवणाला अजून किती वेळ आहे हे सूर्याकडे बघून ठरवतो, कोणी भेटायला येते का हे बघतो. कोणी येत नाही. मग ही जागा वाईट, हे काम वाईट, लोकांत प्रेम उरले नाही असे त्याला वाटू लागते. पुढे पडलेली लांबलचक म्हातारपणाची वर्षे डोळ्यांसमोर नाचू लागतात. स्तोत्र ९१ मध्ये भर दुपारी घात करणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे. त्यावरून संन्याशांनी ह्या विकाराला ‘दुपारचा सैतान’ असे नावच देऊन टाकले.

दुपारचा सैतान फक्त म्हाताऱ्यांना गाठतो असे समजू नका. मुले शाळेत आणि नवरा कामावर गेल्यानंतर तीन वाजता एकटी बसलेली गृहिणी त्याला ओळखते. परीक्षेचा निकाल लागून चार महिने झाले तरी नोकरी न लागलेला तरुण त्याला ओळखतो. आजच्या खिडकीचे नाव मोबाइल आहे, एवढाच फरक. आपण सारखे त्यातून डोकावतो, कोणी आले का बघतो, आणि कोणी आलेले नसते. मीही ह्याला अपवाद नाही. प्रवचनाची तयारी करायला बसलो की दहा मिनिटांत हात फोनकडे जातो, आणि फॉरवर्ड केलेली गुलाबाची फुले बघण्यात अर्धा तास निघून जातो. तेव्हा मन गुंतलेले दिसते, पण ते काम करीत नसते. ज्या दिवशी मी तीन तास मोबाइल बघतो त्या रात्री मला दमल्यासारखे वाटते. ज्या दिवशी मी तीन तास एखाद्या अवघड पुस्तकाशी झगडतो त्या रात्री मला झोप चांगली लागते.

त्या संन्याशांनी ह्यावर उपाय काय शोधला? काम. जॉन कॅशियन नावाचे लेखक वाळवंटातल्या अब्बा पॉल ह्यांची हकिकत सांगतात. ते गावापासून इतके दूर राहत की बनवलेला माल बाजारात नेण्याचे भाडे मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाले असते. खाण्यापुरते खजूर आणि छोटी बाग त्यांच्याजवळ होती, पोटाची चिंता नव्हती. तरीही ते रोज ताडाची पाने गोळा करीत, स्वतःला ठरवून दिलेले काम पुरे करीत. वर्षाच्या शेवटी गुहा भरून जाई. मग ते सगळे काम जाळून टाकीत आणि नव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्ही मुले खूप हसलो होतो. आज हसू येत नाही. काम पैशासाठी असते, पोटासाठी असते, पण त्याआधी ते काम करणाऱ्या माणसासाठी असते हे अब्बा पॉल ह्यांना कळले होते. एका बाबतीत मात्र माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ती पाने जाळण्याऐवजी त्यांच्या टोपल्या विणून कोणाला देता आल्या असत्या तर अधिक बरे झाले असते. ज्याची कोणी वाट बघत आहे असे काम मनाला जास्त धरून ठेवते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून शिकलो. आता ती सांगितलीच पाहिजे.

पूर्वी एका धर्मग्रामात असताना तिथे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांना सगळे ‘सर’च म्हणत. रोज सकाळी नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ते पॅरिश ऑफिसात येत. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी सुंदर अक्षरात लिहीत, दाखले तयार करीत. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. एक तरुण मुलगा आठवड्याचे काम दोन तासांत करू लागला. सरांचा हातही थोडा कापायला लागला होता. मी विचार केला, किती दिवस ह्यांना राबवायचे? एका रविवारी मिस्सानंतर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि माइकवरून म्हणालो, “सर, आता तुम्ही आराम करा.” टाळ्या झाल्या. मला फार चांगले काम केल्यासारखे वाटले.

सहा महिन्यांत सर सकाळच्या मिस्साला यायचे थांबले. वर्षभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने मला दाराशी थांबवले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “फादर, तुम्ही त्यांना शाल दिलीत, पण त्यांचं नऊ वाजता घरातून निघणं काढून घेतलंत.”

त्यांना स्मृतिभ्रंशाचा आजार आधीपासूनच लागला असावा असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. त्यामुळे आजार माझ्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही, आणि तसे कोणी म्हणूही नये. पण त्या माऊलीचे म्हणणे खोटे नव्हते.

पुढची गोष्ट ऐका. आपल्याकडे एका आळीत एकाच आडनावाची पन्नास घरे असतात आणि एकाच नावाची तीन-तीन माणसे. कॉम्प्युटरमध्ये एकाच नावाचे आणि वडिलांचेही एकच नाव असलेले दोन बाप्तिस्मे एकमेकांत मिसळून गेले. एका मुलीचे लग्न तोंडावर आलेले आणि दाखला कोणाचा द्यायचा कळेना. शेवटी रजिस्टर घेऊन मी सरांच्या घरी गेलो. सकाळी काय खाल्ले हे त्यांना सांगता येत नव्हते. पण रजिस्टर उघडले, चष्मा लावला, बोट ओळीवरून फिरवले आणि म्हणाले, “हा विहिरीकडचा. हा आंब्याखालचा, ह्याची आजी माहेरची नंदाखालची.” दहा मिनिटांत गुंता सुटला. त्यानंतर दर शुक्रवारी एक तास जुने रजिस्टर घेऊन तो तरुण मुलगा त्यांच्या घरी जाऊ लागला. सर घराण्यांची टोपणनावे सांगत, तो टाइप करी. सर बरे झाले नाहीत. पण गुरुवारी रात्री ते शर्टाला इस्त्री करायला सांगत.

आता थोडे शास्त्राचे बोलू, कारण ह्या विषयात धर्मभगिनींनी जगाला फार मोठी देणगी दिली आहे आणि आपल्याकडे ती फारशी कोणाला माहीत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन ह्या संशोधकांनी १९८६ साली म्हातारपणातील मेंदूचा अभ्यास सुरू केला. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संस्थेतील ६७८ धर्मभगिनी त्यात सहभागी झाल्या. सगळ्या ७५ वर्षांच्या पुढच्या. दर वर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या द्यायच्या आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी दान करायचा, असे त्यांनी मान्य केले. धर्मभगिनीच का? कारण त्यांचे खाणे, राहणे, औषधपाणी जवळपास सारखे. तेव्हा एकीची बुद्धी नव्वदीतही तल्लख आणि दुसरीची पंचाहत्तरीत हरपलेली, असे का होते ह्याची कारणे शोधणे सोपे जाते.

मठाच्या कपाटात संशोधकांना एक खजिना सापडला. ह्यांपैकी अनेक जणींनी विशीत असताना, व्रते घेण्यापूर्वी, आपल्या आयुष्याची हकिकत थोडक्यात लिहून दिली होती. ज्यांच्या लिखाणात एका वाक्यात अनेक विचार गुंफलेले होते त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमरचे प्रमाण कमी आढळले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, १८० भगिनींच्या त्या जुन्या हकिकतींत ज्यांनी आनंदाच्या, कृतज्ञतेच्या भावना अधिक व्यक्त केल्या होत्या त्या जास्त वर्षे जगल्या असे दिसून आले. सगळ्यांत नवल सिस्टर मेरी ह्यांचे. त्यांनी ऐंशी ओलांडल्यावरही शिकवण्याचे काम सोडले नव्हते. १०१ व्या वर्षी त्या वारल्या, आणि शेवटच्या चाचण्यांतही त्यांना चांगले गुण होते. मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या! आजार मेंदूत होता, वागण्यात मात्र उतरला नव्हता. आयुष्यभर वापरलेल्या मेंदूत काहीतरी शिल्लक साठत असते आणि अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते, असे तज्ज्ञ म्हणतात. आपल्या पतपेढीतल्या ठेवीसारखे समजा.

आणि ही ठेव फक्त तरुणपणीच टाकता येते असेही नाही. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्याला तीन-चार वर्षे लागतात. २००० साली तिथल्या संशोधकांनी ह्या चालकांचे मेंदू तपासले तेव्हा वाट लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. ही शाळकरी मुले नव्हेत, संसारी माणसे. आपले फादर थॉमस स्टीफन्स घ्या. १५७९ साली गोव्याला आले तेव्हा तिशीचे इंग्रज होते, मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले तेव्हा ते सदुसष्टीच्या आसपास होते. जवळजवळ ११,००० ओव्या! ज्या वयात आपण म्हणतो की आता काय शिकायचे, त्या वयात हा माणूस परक्या भाषेतल्या ओव्यांची मुद्रिते तपासत असेल.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. पहिली, शब्दकोडी सोडवली म्हणजे अल्झायमर होत नाही असे कोणीही सांगितलेले नाही. ज्यांना तो झाला त्यांनी मेंदू वापरला नाही असेही नाही. अत्यंत विद्वान, अत्यंत कष्टाळू माणसांनाही तो होतो. आपल्या धर्मग्रामात अशी सहा-सात घरे आहेत. त्या घरांवर कोणीही, अगदी मनातल्या मनातही, ठपका ठेवू नये. दुसरी, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, झोप नाही, भूक नाही, जगू नये असे वाटते, तर तो दुपारचा सैतान नव्हे. तो आजार आहे. त्यावर “मन रमवा, जपमाळ करा” एवढाच सल्ला देऊ नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येते. जपमाळ अवश्य करा, पण फोन करून झाल्यावर.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण ज्यांच्यावर काही करता येते अशी १४ कारणे दिली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अती मद्यपान, व्यायामाचा अभाव ही त्यात आहेतच. शिवाय एकटेपणा आहे, आणि कमी ऐकू येणे व कमी दिसणे हीसुद्धा आहेत. ही सगळी कारणे दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल असा त्यांचा अंदाज आहे. ह्यातले कानाचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. ऐकू येत नाही म्हणून आजी गप्पांतून उठते. मग लग्नाला जात नाही. मग प्रवचन कळत नाही म्हणून मिस्साला येत नाही. आपण म्हणतो, “म्हातारी एकलकोंडी झाली.” चष्मा लावायला कोणी लाजत नाही, मग कानाच्या मशीनलाच का लाजायचे? वाढदिवसाला आजीला अजून एक साडी घेण्यापेक्षा तिचे कान तपासून आणा. आपल्या चर्चमधील मागच्या स्पीकरची तक्रार माझ्याकडे आली आहे. तो येत्या आठवड्यात दुरुस्त होईल.

मग मनाला कसले काम द्यावे? माझ्या मते ते थोडे अवघड हवे, रोजच्यापेक्षा थोडे नवे हवे आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडणारे हवे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुडोकू वाईट नाही. पण नातवाचा पाढा घेणे, किराणा मालाची यादी करून हिशोब ठेवणे, सुनेला निवटीचे कालवण आपल्या हातच्यासारखे शिकवणे, हे सुडोकूपेक्षा चांगले. अजून एक सुचवतो. नातवंडांनी आजी-आजोबांना मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे आणि फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे हे शिकवावे. बदल्यात आजी-आजोबांनी त्यांना आपल्या बोलीतले शंभर शब्द शिकवावेत. सामवेदी असो की वाडवळी, त्यातले कितीतरी शब्द आता फक्त सत्तरीपुढच्या डोक्यांतच राहिले आहेत. ह्यात घाई करू नका. आजी एक गोष्ट चारदा विचारील. तिने तुम्हाला चालायला किती वेळा शिकवले ते आठवा.

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात (अध्याय १४) कालेब नावाचा एक म्हातारा भेटतो. देशाची वाटणी चालू असताना हा ८५ वर्षांचा माणूस पुढे येतो. एखादा सपाट, पाण्याकाठचा तुकडा मागावा की नाही? तो डोंगराळ प्रदेश मागतो, जिथे अजून बलाढ्य शत्रू ठाण मांडून आहेत. आणि यहोशवा त्याला “बाबा, आता आराम करा” असे म्हणत नाही. आशीर्वाद देतो आणि हेब्रोन त्याच्या स्वाधीन करतो.

आराम वाईट असे मी म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी दुःखावरचे उपाय सांगताना मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन ह्यांच्या बरोबरीने झोप आणि आंघोळही सांगितली आहे. सेमिनरीत ह्या प्रकरणावर आमचे सर्वांचे एकमत होते! पण आराम कामानंतर गोड लागतो. ज्याला कामच नाही त्याला आरामही मिळत नाही. आता त्या आजोबांच्या घरचे सांगतो. गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. सुनेशी आधी बोललो होतो. तिने परसात चार कुंड्या आणून ठेवल्या आहेत आणि मोगऱ्याच्या काड्या. आजोबांनी मला पाहताच तक्रार केली की कुंडीतली माती चुकीची आहे, बाजारातली माणसे काहीही विकतात. पंधरा मिनिटे तक्रार चालू होती. दिवस जात नाही हे सांगायला ते विसरले.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला. आपल्याकडे त्या दिवशी ज्येष्ठांना गुलाबाचे फूल आणि केक देतात. यंदा फुलाबरोबर त्यांना काम द्यायचे असे पॅरिश कौन्सिलने ठरवले आहे. त्या अमेरिकन भगिनींप्रमाणे आपल्या धर्मग्रामातील साठीपुढच्या प्रत्येकाने आपली हकिकत लिहायची आहे. आईवडील कोण होते, घराला काय म्हणत, शाळेत कसे जात, पहिला पगार किंवा पहिला घड किती रुपयांना गेला, कोणत्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात. दोन पाने पुरेत, वीस झाली तर उत्तम. व्याकरणाची चिंता नको, बोलीभाषेत लिहिले तर आनंदच आहे.

वह्या पॅरिश ऑफिसात ठेवल्या आहेत. विनामूल्य आहेत, फक्त नेताना रजिस्टरमध्ये नाव लिहावे. ज्यांचा हात कापतो किंवा ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी युवा संघटनेची बारा मुले-मुली दर शनिवारी संध्याकाळी चार ते पाच पॅरिश हॉलमध्ये बसतील. तुम्ही सांगा, ती लिहून घेतील. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी ती येतील, झोनप्रमुखाकडे नाव द्यावे. तुमच्या परवानगीशिवाय वही कोणालाही दाखवली जाणार नाही. आणि येताना चष्मा विसरू नका.

आपला,
फादर